वेगळे ताट

'तुम्ही काय खाता?' हा प्रश्न आयुष्याची सत्तर वर्षे मला कुणी विचारला नव्हता. विचारण्याचे कारणच नव्हते. वाईच्या आमच्या वाड्यात जे शिजे ते पानात येई, आणि जे शिजत नसे त्याचे नावही माजघरात निघत नसे. पुढे साताऱ्याला शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकवले, संसार केला, मुले वाढवली. त्या साऱ्या काळात आपण शाकाहारी आहोत हे मला आठवे ते आगगाडीत समोरच्या बाकावरच्या कुटुंबाने डबा उघडला म्हणजे; आणि तेही तोंड खिडकीकडे वळवण्यापुरतेच. पायातली जुनी वहाण जशी चालताना जाणवत नाही, तसा मला माझा आहार जाणवत नसे. 'का हो, तुम्ही शाकाहारी का?' असे कुणी विचारलेच असते, तर अहिंसा, भूतदया, सात्त्विक आहार असे चार शब्द मी त्याच्यापुढे टाकले असते. ते शब्द माझे होते की नुसते पाठ केलेले, हे तपासून पाहण्याची पाळी आली ती प्रागला.

2023 च्या हिवाळ्यात मी मुलाकडे तीन महिने राहिले. विनोह्राडी हा त्यांचा भाग. नावाचा अर्थ द्राक्षमळे. मळे केव्हाच गेले. आता तिथे चार-पाच मजली जुन्या, देखण्या इमारती आहेत आणि त्यांच्या मधून ट्रामगाड्या घंटा वाजवत जातात. सुनेची कचेरी घरापासून दहा मिनिटांवर, नातवाची बालवाडी त्याच रस्त्याला. सुनेची दुपारची सुट्टी आणि माझा घरात एकटीने बसण्याचा कंटाळा यांची सांगड घालून आम्ही असे ठरवले, की आठवड्यातून तीन-चार दिवस दुपारचे जेवण कोपऱ्यावरच्या हॉस्पोदामध्ये घ्यायचे. हॉस्पोदा म्हणजे खानावळ आणि बिअरचा गुत्ता यांचे तिकडचे घरगुती मिश्रण. लाकडी बाके, भिंतीला टांगलेले कोट आणि दाराशी एक काळा फळा. त्या फळ्यावर रोज खडूने त्या दिवशीचे पदार्थ लिहितात. मुलगा म्हणत होता, 'आई, शहरात अगदी शुद्ध शाकाहारी उपाहारगृहं आहेत, आपल्या लोकांची पण आहेत. तिकडे जाऊ.' रविवारी गेलोही. पण रोजच्या जेवणासाठी बर्फातून ट्राम बदलत जायचे, आणि तिथे वरणभात खायचा, तर मग साताराच काय वाईट होता?

सुनेने पहिल्या दिवशी मला एक वाक्य पाठ करून दिले. 'नेयीम मासो.' मी मांस खात नाही. संस्कृतच्या मास्तरणीला ते पाठ करायला कितीसा वेळ लागणार! 'ने' म्हणजे आपला 'न'. 'यीम' हे 'अद्' धातूचे दूरचे नातवंड. 'मासो' आणि 'मांस' तर सख्खी भावंडे. 'न अद्मि मांसम्' हेच वाक्य हजारो मैलांचा आणि हजारो वर्षांचा प्रवास करून त्या बर्फात माझ्या आधी येऊन उभे होते. मला फार आनंद झाला. वैयाकरणाचा आनंद फार काळ टिकत नाही म्हणतात, तसेच झाले.

फळ्यावर तळाशी एक ओळ असे : 'बेझ मासा'. बेझ म्हणजे विना. माझ्या मराठी कानाला वाटले, यात मासा नाही एवढेच हे सांगताहेत. मग बाकीच्याचे काय? सून हसली. 'आई, मासा म्हणजे इथे मांस. मांसाशिवायचे पदार्थ.' मी निर्धास्त झाले. त्या ओळीखालची एक कोशिंबीर मागवली, आणि पहिल्याच घासाला तिच्यात निघाला तो खरोखरचा मासा! डब्यातला ट्यूना. मांस नव्हते हे अगदी खरे होते. मासा हा मांसात मोडत नाही, ही त्या मुलुखाची शेकडो वर्षांची समजूत आहे. रोमन कॅथलिक उपासाच्या दिवशी जनावरांचे मांस वर्ज्य, मासे चालतात. म्हणून तर नाताळच्या आदल्या रात्री, चोवीस डिसेंबरला, चेक घरात कार्प मासा हवाच. दक्षिणेकडच्या त्रेबोन गावाभोवती सोळाव्या शतकात खणलेली प्रचंड तळी आहेत; त्यांतून हे मासे येतात आणि नाताळच्या आधी चार दिवस रस्त्यारस्त्यावर पाण्याच्या टाक्यांत जिवंत विकले जातात. हसण्यासारखे काही नाही. आपल्या गोव्याकडच्या सारस्वतांचा मासे खाऊनही सोमवार पाळलेला असतो, आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी शेंगदाण्याचे कूट घालून दोनदा खाणाऱ्यांनी दुसऱ्यांच्या उपासाला नावे ठेवू नयेत.

पण एवढ्याने माझी अडचण सुटत नव्हती. दुसऱ्या दिवशी बटाट्याचे सार घेतले. त्यात बटाटा, गाजर, वाळलेली अळंबी. दिसायला किती सोज्वळ! ते गाईच्या हाडांच्या उकळवणीत शिजवले आहे, असे विचारल्यावर कळले. पावाच्या कणकेचे उकडलेले क्नेद्लिकी, सुताने कापून वाढतात ते, मला फार आवडले. त्यात अंडे असते, हे दुसऱ्या आठवड्यात कळले. मग उरले तळलेले चीज. पावाच्या चुऱ्यात घोळवलेला चीजचा जाड तुकडा, बरोबर उकडलेले बटाटे. तिथल्या शाकाहाऱ्यांचा हा राष्ट्रीय आहारच म्हणा ना. चार दिवस तोच खाल्ला. पाचव्या दिवशी मुलाने सहज सांगितले, की वरच्या चुऱ्याखाली अंड्याचे लेपन असते, आणि जुन्या पद्धतीचे चीज करताना दूध विरजायला वासराच्या पोटातला रस वापरतात. आता पुष्कळ ठिकाणी दुसरी विरजणे आली आहेत, पण ते विचारावे लागेल.

विचारावे लागेल. या दोन शब्दांनी माझी झोप उडवली. माझा आहार ही आतापर्यंत न बोलण्याची गोष्ट होती. इथे ती रोज भर दुपारी, भरल्या खानावळीत, मोठ्याने बोलण्याची गोष्ट झाली. वाढणारी मुलगी हातात सहा बिअरचे पेले घेऊन उभी आहे, मागे लोक खोळंबले आहेत, आणि सून माझ्या वतीने विचारते आहे : यात अंडे आहे का? तळण कसले आहे? साराचे पाणी कसले आहे? ती मुलगी दोनदा आत जाऊन विचारून आली. तिसऱ्या वेळी मी सुनेचा हात दाबला. 'पुरे गं. असू दे. मी पाव खाईन.' मला लाज वाटत होती. कशाची लाज, हे मात्र त्या वेळी सांगता आले नसते.

घरी येऊन मी 'सत्याचे प्रयोग' काढले. लहानपणी बक्षीस मिळालेले पुस्तक. त्यातले लंडनचे भाग आम्ही थोर पुरुषांच्या गोष्टी म्हणून वाचले होते. खानावळीतल्या अडचणी म्हणून ते मी प्रथमच वाचले. मोहनदास गांधी 1888 साली लंडनला उतरले ते आईसमोर घेतलेल्या शपथेचे ओझे घेऊन. मांस, मद्य आणि परस्त्री वर्ज्य. पुढे एका मित्राने त्यांना हॉबर्न उपाहारगृहात जेवायला नेले. पहिले सार आले. विशीतल्या त्या मुलाने वाढप्याला खूण करून बोलावले. सार भाज्यांचे आहे का, एवढेच विचारायचे होते. मित्र खवळला. सभ्य लोकांत बसण्याची तुझी लायकी नाही, अशा अर्थाचे बोलला आणि बाहेर जाऊन थांब म्हणाला. गांधी बाहेर आले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद झालेले होते. त्या रात्री ते उपाशीच राहिले, मित्राबरोबर नाटकाला गेले आणि त्या प्रसंगाबद्दल दोघेही अवाक्षर बोलले नाहीत.

मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. त्या मुलाने विचारले. मी सत्तर वर्षांची बाई, 'असू दे' म्हणाले. लाज दोघांनाही वाटली असणार. फरक एवढाच, की त्याने लाजेची किंमत देऊन प्रश्न विकत घेतला आणि मी प्रश्न देऊन अब्रू राखली.

गांधींनी त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट लिहिली आहे. ती मला त्या रात्री फार टोचली. इंग्लंडमध्ये मांसाच्या तीन व्याख्या त्यांच्या कानांवर आल्या. एकीत पशुपक्षी तेवढे मांस, मासे नव्हेत. दुसरीत सारे सजीव मांस, अंडी मात्र चालतात. तिसरीत अंडीही नकोत आणि दूधही नको. सोयीची व्याख्या घेतली असती तर त्यांना कुणी अडवले नसते. काही दिवस त्यांनी अंडी खाल्लीही. मग त्यांना वाटले, शपथ आईने घेववली; तेव्हा मांस या शब्दाचा आईच्या मनात जो अर्थ होता तोच मला बंधनकारक. अंडी सुटली. पुढे शाकाहारी उपाहारगृहातसुद्धा त्यांना पदार्थापदार्थाला विचारत बसावे लागे.

हा नियम मी स्वतःला लावून पाहिला. मला कुणी शपथ घातली नव्हती. पण माझ्या जिभेला वळण लावले ते आजीने. तेव्हा व्याख्या आजीची. आणि आजीच्या व्याख्येप्रमाणे चालायचे, तर मला प्रागच्या हॉस्पोदात पाणीसुद्धा पिता आले नसते! कारण आजीचा प्रश्न ताटात काय आहे एवढाच नव्हता. कोणी शिजवले, कोणी वाढले, कोणाच्या शेजारी बसून खाल्ले, हे तिचे प्रश्न होते, आणि मांसाचा प्रश्न त्या मोठ्या गाठोड्यातले एक लहानसे वस्त्र होते. मी ते वस्त्र काढून घेतले, धुतले, त्यावर 'अहिंसा' असे नाव घातले, आणि गाठोडे कुठे गेले ते पाहिलेच नाही.

त्या रविवारी मुलगा मला काफ्काचे थडगे दाखवायला घेऊन गेला. नवी ज्यू दफनभूमी त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बर्फाने झाकलेल्या दगडांच्या रांगांतून जाताना त्याने मला सांगितले, 'आई, हाही शाकाहारी होता बरं का.' मला ठाऊक नव्हते. फ्रान्झ काफ्का 1883 साली प्रागला जन्मला आणि 1924 मध्ये, चाळिशीतच, क्षयाने गेला. तो मांस सोडून फळे, दाणे, दूध यांवर राहू लागला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर त्याचे वडील कित्येक महिने वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसत. मुलाचे ते खाणे त्यांना पाहवत नसे. आणि त्याचा मित्र माक्स ब्रोड याने सांगितलेली एक आठवण आहे. बर्लिनच्या मत्स्यालयात काचेमागच्या माशांकडे पाहत काफ्का त्यांच्याशीच बोलला : आता मी तुमच्याकडे शांत मनाने पाहू शकतो, आता मी तुम्हांला खात नाही. मुलगा पुढे म्हणाला, 'आणि गंमत म्हणजे याचे आजोबा खाटीक होते. ओसेक नावाच्या खेड्यात.'

'खाटीक' हा शब्द मुलाने मराठीतच उच्चारला, आणि मी त्या थंडीत जागच्या जागी थांबले.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. 1965-66 सालची गोष्ट, मी सातवीत होते. तिच्या वडिलांचे बाजारात मटणाचे दुकान होते. आम्ही दोघी एका बाकावर बसत असू. पाठांतरात ती माझ्या दोन पावले पुढेच असे. 'राम'चे चालवणे मी तिच्याकडूनच शिकले असे म्हटले तरी चालेल. संध्याकाळी अभ्यासाला ती आमच्या वाड्यावर येई. ओसरीवर बसे, आत येत नसे. आत येऊ नको, असे तिला कुणी म्हटल्याचे मला आठवत नाही. पाणी मागितले तर आजी तांब्याने वरून ओंजळीत घाली. त्या वर्षी दिवाळीत आईने माझ्या मैत्रिणींना फराळाला बोलावले. पाच जणींना पितळेच्या ताटल्या मांडल्या, आणि तिच्यापुढे आजीने केळीचे पान ठेवले. 'पान शुभ असतं गं बाळ,' असे म्हणून सगळ्यांच्या आधी तिला वाढले. चकली, करंजी, बेसनाचा लाडू. कशात कमी केले नाही, उलट लाडू दोन वाढले. तिने सगळ्या ताटल्यांकडे एकदा पाहिले. मुकाट्याने सगळे खाल्ले, पानाची घडी घातली आणि ते स्वतः उचलून परसात टाकून आली. इतर पाच जणींच्या ताटल्या मोलकरणीने उचलल्या.

त्यानंतर ती आमच्या घरी आली नाही. बाकावर शेजारी बसत होती, बोलत होती, पण त्या पानाबद्दल तिने एक शब्द काढला नाही आणि मीही काढला नाही. सातवीनंतर तिची शाळा सुटली.

माझी आजी निर्दय नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. मुंग्यांच्या वारुळाला ती साखर घाली, परसातल्या मांजरीची पिले थंडीत चुलीजवळ ठेवी. मुंगीपासून मांजरीपर्यंत पोचलेली ती दया ओसरीवरच्या मुलीपाशी येऊन का अडली? मांस न खाण्यातून दया उपजते, असे आपण समजतो. कधी उपजत असेलही. पण आमच्या घरात तरी मांस न खाणे ही दयेची नव्हे, कुंपणाची गोष्ट होती. ज्या नियमाने गावातली निम्मीअधिक माणसे दाराबाहेर राहतात आणि नियम पाळणाऱ्याला मात्र काहीच सोसावे लागत नाही, त्या नियमाला पुण्य म्हणावे काय? असो. आजी जाऊन चाळीस वर्षे झाली. तिच्या वतीने उत्तर देणे माझ्या हाती नाही. आणि तिच्याआड लपणे मला या वयात शोभतही नाही. पानाची घडी घालताना त्या मुलीकडे मी पाहत होते.

आता त्या हॉस्पोदाकडे परत येते. माझे विचारणे सुनेने थांबवले नाही. ती पोर माझ्यापेक्षा धीट आहे. शेवटी एके दिवशी, मांस न खाणारी ही म्हातारी कोण, ते पाहायला स्वयंपाकीणच बाहेर आली. साठीची, ठेंगणी, गोरटेली, दंड पैलवानासारखे. एप्रनला हात पुसत तिने मला नीट न्याहाळले, आणि सुनेशी पुष्कळ बोलली. सुनेने कळवले ते असे : आजारी आहे का? नाही? मग देवाचा नवस आहे का? नाही? मग जन्मापासून? एकदाही नाही? सॉसेजसुद्धा नाही? तिने कपाळाला हात लावला. सून बोलण्याच्या भरात हसत हसत म्हणाली, की यांच्या लहानपणी तर भांडीसुद्धा वेगळी असत. ते ऐकून ती बाई गंभीर झाली, मान हलवली आणि आत गेली.

नाताळच्या आधीच्या सोमवारी आम्ही गेलो, तर तिने आम्हांला फळा वाचूच दिला नाही. खुर्चीवर बसवले आणि आतून एक ताट घेऊन आली. पांढरे, त्यावर निळी नक्षी. हॉस्पोदातल्या जाड बशांसारखे नव्हे. हे ताट तिने आपल्या घरून आणले होते. माझ्यासाठी. माझे म्हणून ते बाजूला ठेवणार होती. त्यात दुसऱ्या कुणाला वाढणार नव्हती. त्या नक्षीला तिकडे कांद्याची नक्षी म्हणतात. खरे पाहता ती चिनी भांड्यांवरून उचललेली डाळिंबे आणि पीचची फळे आहेत, नाव मात्र कांद्याचे पडले. चातुर्मास असता तर आजीने ते ताट घेतले असते की नाही, असा एक विचार मनात डोकावून गेला आणि मला हसू आले. ते हसू फार टिकले नाही. खोलीतल्या साऱ्या लोकांत माझ्या एकटीपुढे वेगळे ताट होते. केळीचे पान आठवले. वेगळेपणा तोच. पण तेव्हा आजीने पान मांडले ते आपली भांडी राखायला, आणि ही परकी बाई आपल्या घरची चांगली चीज घेऊन आली ती माझे व्रत राखायला. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसले असते.

ताटात कुबा होता. सोललेले जव शिजवून त्यात वाळवलेली रानअळंबी, लसूण आणि मरवा घालतात आणि भट्टीत वरून खरपूस होईपर्यंत भाजतात. नाताळच्या आदल्या दिवशीचा, जुन्या गरीब घरांतला हा उपासाचा पदार्थ. आपण जो मरवा वेणीत माळतो तो ते लोक जेवणात घालतात. पहिल्या घासाला मला श्रावणातल्या गजऱ्यांचा वास आला. चेक लोक अळंबीवेडे. ही अळंबी तिने स्वतः रानातून गोळा केलेली होती. मी मनापासून खात होते. ती शेजारी उभी राहून सुनेला कृती सांगत होती, आणि सून मला. त्या दिवशी पोरांना दिवसभर उपाशी ठेवतात आणि सांगतात, की उपास मोडला नाहीत तर संध्याकाळी भिंतीवर सोन्याचे डुक्कर दिसेल. मांसाचा उपास करायचा तो डुकराच्या दर्शनासाठी! आम्ही तिघी हसलो. मग ती आणखी काही बोलली आणि सून बोलता बोलता थांबली.

'काय म्हणाली?'

'आई... तिच्या आजीच्या पद्धतीने केलंय म्हणते. हंसाच्या चरबीत. साद्लो.'

मासो म्हणजे मांस. मास्लो म्हणजे लोणी. साद्लो म्हणजे चरबी. तीन शब्द, कानाला जवळजवळ एकच. तिच्या लेखी तिने माझा शब्द अक्षरशः पाळला होता. मासो एक कणही नव्हते. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, पहिलटकरणीने पोर दाखवावे तशी. ताटात अर्धा कुबा शिल्लक होता.

मी तो खाल्ला. 'दोब्रे' म्हणाले, म्हणजे छान. दुसऱ्यांदा वाढायला आली तेव्हा पोटावर हात ठेवून, भरले, असे दाखवले. घरी आले ती थेट स्नानगृहात गेले आणि डोक्यावरून आंघोळ केली. रात्री झोपण्यापूर्वी आणखी एकदा केली. सून काही बोलली नाही. फक्त गरम पाण्याचे बटण लावून ठेवले.

त्या आंघोळीने मला माझे उत्तर दिले. मला जर हंसाची दया आली असती, तर मी रडले असते, किंवा गप्प बसले असते, किंवा यापुढे अधिक जपून विचारीन असे ठरवले असते. दयेला आंघोळ लागत नाही. आंघोळ लागते ती विटाळाला. आजीचे गाठोडे कुठे हरवले नव्हते; ते माझ्या कातडीखालीच होते. अहिंसेवर मी वर्गात केलेली सगळी निरूपणे एका बाजूला, आणि अंगावर घेतलेले ते दोन तांबे पाणी दुसऱ्या बाजूला. पारडे कुणीकडे झुकले, ते मला दिसले.

मग कुणी म्हणेल, एवढे कळल्यावर बाईंनी व्रताचा पसारा आवरायचा आणि सॉसेज मागवायचे. तसे मला वाटले नाही. एखादे घर चुकीच्या पायावर उभे आहे असे कळले, तर राहणारा माणूस दुसऱ्या दिवशी उघड्यावर जात नाही. तो नवा आधार लावता येतो का पाहतो. गांधी लंडनला गेले तेव्हा त्यांचा आधारही शपथेचाच होता. सगळ्या हिंदुस्थानाने मांस खावे अशीच तोवर त्यांची इच्छा होती. फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या शाकाहारी उपाहारगृहात त्यांनी हेन्री सॉल्टचे पुस्तक विकत घेतले, वाचले, आणि त्यानंतर ते स्वतःच्या निवडीने शाकाहारी झाले. आईची गोष्ट त्यांनी स्वतःची करून घेतली. त्यासाठी त्यांना आधी खानावळ शोधत लंडनच्या रस्त्यांवर मैलोगणती पायपीट करावी लागली होती. मला सत्तर वर्षांत चार पावलेही चालावी लागली नव्हती.

पण चरबीपेक्षाही मला अधिक बोचत होते ते माझे 'दोब्रे'. तिचे मन मोडू नये म्हणून मी गप्प राहिले, असे मी स्वतःला सांगत होते. आमच्या घरीही त्या मुलीचे मन मोडू नये म्हणून 'पान शुभ असतं' असेच म्हटले गेले होते. गोड बोलून खरे न सांगणे, ही ज्याला आपण बरोबरीचे समजत नाही त्याच्याशी वागण्याची रीत आहे. ज्या बाईने घरून ताट आणले तिला खरे ऐकण्याचा अधिकार नव्हता काय?

शुक्रवारी, नाताळच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी, मी सुनेला म्हटले, 'आज तिला सांग.'

'आई, सांगायचंच का? तिला किती वाईट वाटेल!'

'वाटू दे. मीही इथे बसलेली आहे.'

सुनेने सांगितले. बाईने तोंडावर हात ठेवला. तिचा चेहरा लाल झाला; मला वाटले, आता हॉबर्नच्या मित्रासारखी ही मला बाहेर घालवते. ती काही न बोलता आत गेली. पुष्कळ वेळ गेला. शेजारच्या टेबलावरचे लोक जेवून उठले. सून घड्याळ पाहू लागली. मग ती आली. एका हातात निळ्या नक्षीचे ताट, त्यात वाफाळलेला कुबा, आणि दुसऱ्या हातात लोण्याच्या वडीचे फोडलेले वेष्टन, माझ्या डोळ्यांसमोर धरलेले. 'मास्लो,' ती म्हणाली. एकेक अक्षर सुटे करून, लहान मुलाला सांगावे तसे. 'मा-स्लो.'

मी हात जोडले. तिने समोरची खुर्ची ओढली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्यापुढे बसली. बोलू लागली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखादी गोष्ट नीट समजून घ्यायची असावी तसा स्वर होता. सून ऐकत गेली, आणि मग माझ्याकडे वळली.

'आई, ती म्हणते, आमच्या आजोळी गाई होत्या. गाय व्यायली नाही तर दूध नाही, दूध नाही तर लोणी नाही. कालवड झाली तर ठेवायचो. गोऱ्हा झाला तर तो खाटकाकडे जायचा. सगळे कुठे ठेवणार? तुमच्याकडे गोऱ्ह्यांचं काय करतात, असं विचारते.'

बाई कोपर टेबलावर टेकून वाट पाहत होती.

'तिला म्हणावं,' मी म्हटले, 'मी आजवर कधी विचारलं नाही.'

सुनेने ते चेकमध्ये सांगितले. बाईने मान डोलावली, जणू तिला हेच उत्तर अपेक्षित होते, आणि कुबा निवत चालला आहे, आधी खाऊन घे, असे मला हाताने खुणावले.